दोर मेव्हण्याच्या हाती

१२ फेब्रुवारी, सोमवार

दत्तराव ठेकेदारानं आज चहा पाजला आणि ही डायरी दिली. वर त्याचंच नाव, सोनेरी अक्षरात. हातमोजे आणि बूट मागाहून देतो म्हणाला. आधी डायरी, मग बूट, ह्याच्यातच माणूस कळतो. पण काम पाहिजे होतं, म्हणून गप बसलो.

काम असं हाय. परभणीच्या बाहेर गोदाई नगर नावाची नवी वसाहत झाली. तिथली सगळी घाण जमिनीखालच्या पाइपातून वाहते. जागोजाग चेंबर, वर लोखंडी झाकण. पाइप तुंबला की झाकण काढायचं आणि मोकळा करायचा. दत्तरावाला आत उतरायला न भिणारी माणसं पाहिजेत. आमच्या घरात आजोबापासून विहिरी खोदायचं आणि विहिरीतला गाळ काढायचंच काम. पोखर्णीच्या आसपासच्या किती विहिरींचे तळ माझ्या पायाखालून गेलेत. आता बोअरची गाडी येते, सकाळी भोक पाडती आणि दुपारी निघून जाती. आमाला विचारतंय कोण.

घरी सांगितलं तर माझी बायको कमल भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, गावात पाइपलाइनचं काम म्हणून सांगा, दिपालीचं लगीन जमायचंय अजून. लेकीचं नाव काढल्यावर बरं म्हटलं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

रामकिशन दाजी आज चुडाव्याहून रेल्वेनं आले. माझी धाकटी बहीण राजेश्री, तिचे मालक. ते आठवडाभर आमच्याकडंच राहणार आणि रविवारी घरी जाणार. अंगानं दणकट, खायला बेफाम, आणि मिशीला कलप लावल्याबिगर घराबाहेर पडत न्हाईत. मी म्हटलं, दाजी, खाली घाणीत कोण बघणार हाय तुमच्या मिशा? तर म्हणाले, वर आल्यावर तर दिसतील ना भाऊ.

राजेश्रीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि शेवटाला म्हणाली, "दादा, दोर तूच धरशील ना?"

आमच्या घराण्याची रीत हाय ती. विहिरीत उतरणाऱ्याचा दोर त्याच्या मेव्हण्यानं धरायचा, दुसऱ्या कुणी न्हाई. आमचा बाप सांगायचा, भावाभावात वाटणीचं भांडण असतं, मेव्हण्याचं काय असतं? त्याच्या हातात तर बहिणीचं कुंकू असतं. माझा दोर कमलचा भाऊ धरायचा, तो वारला. आता माझे गुडघे गेले म्हणून दाजी उतरणार आणि दोर मी धरणार. मी म्हटलं, येडे, हे काय विचारायचं झालं?

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज चेंबरच्या कामाची शिकवणी झाली. शिकवायला प्रियांका मॅडम आल्या, आमच्या दिपालीएवढीच पोरगी. बोलली चांगली, खोटं कशाला बोलू. म्हणाली, आता कायद्यानं माणूस चेंबरात उतरवायचाच न्हाई. गाळ ओढायची गाडी असते, तीच बोलवायची. अगदीच इलाज न्हाई अशी वेळ आली, तरच. आणि तेव्हा आजूबाजूची झाकणं उघडून ठेवायची, पंख्यानं हवा सोडायची, यंत्रानं वायू बघायचा, अंगाला पट्टे बांधायचे, वर लोखंडी तिपाई उभी करून तिच्या चाकावरून दोर घ्यायचा. एवढं सगळं करेपर्यंत विहीर खोदून होती आमची.

यंत्र मोबाईलएवढं, पिवळं. ते माझ्या हवाली केलं. मी मॅडमला आमचा कंदील दाखवला. कंदील दोराला बांधून आत सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं, मालवला तर न्हाई. ह्याच्यावर तीन पिढ्या जगल्यात. मॅडम म्हणाल्या, काका, कंदील सोडू नका, खाली पेट घेणारा वायू असला तर भडका उडेल. मी हसलो. आमच्या आजोबाचा तर कधी उडाला न्हाई.

आणखी एक सांगितलं. म्हणाल्या, खाली माणूस पडला तर काहीही झालं तरी त्याच्या मागं उतरायचं न्हाई. एकाच्या मागं दुसरा जातो आणि दुसऱ्याच्या मागं तिसरा. हे मात्र मला मुळीच पटलं न्हाई. मग दोर धरणाऱ्यानं काय वर उभं राहून तमाशा बघायचा?

२६ फेब्रुवारी, सोमवार

पहिलं चेंबर केलं. दोन परस, म्हणजे एकावर एक दोन माणसं उभी राहतील एवढं खोल. गाळ ओढायची गाडी नांदेडकडं गेली म्हणून दत्तरावानं सांगितलं, आणि पंखा दुसऱ्या कामावर लागला म्हणाला. तिपाई कोठीत हाय, पण ती उचलायला चार जण पाहिजेत आणि आमी दोघं.

यंत्र तोंडाशी धरलं तर ते बोंबलायला लागलं. लाल दिवा, किर्रर्र आवाज. घरातून बायका खिडकीत आल्या. झाकण काढलं की घाणीचा वास यायचाच, त्यात काय बोंबलायचं? असं करत बसलो तर एक चेंबर व्हायचं न्हाई. मी ते बंद केलं आणि माझ्या फटफटीच्या डिकीत टाकलं. कंदील सोडला, झकास जळाला. दाजी उतरले.

आधी सडक्या अंड्यांचा वास मारत होता. थोड्या वेळानं दाजीच खालून म्हणाले, आता वास न्हाई. म्हणजे झाकण उघडं ठेवल्यानं हवा खेळती झाली. पंख्याचं काम फुकटात झालं.

४ मार्च, सोमवार

दाजींचे डोळे लाल व्हायलेत. सांजच्याला डोकं धरून बसतात. आज भाकरी उलटून पडली. ऊन लय तापायलंय ह्या वर्षी, त्यात वसाहतीच्या नाक्यावर तो समोसेवाला कालचं तेल वापरतो. कमल म्हणाली, दवाखान्यात दाखवून आणा. दाजी म्हणाले, वैनी, पोट साफ झालं की डोकं बी साफ होईल. कमलनं डोळ्यावर ठेवायला काकडी कापून दिली.

२१ मार्च, गुरुवार

आज दाजी वर आले आणि हसायलाच लागले. दारू प्यालेल्या माणसावानी. विचारलं, काय झालं, तर म्हणाले, काय न्हाई, गाव आठवंना. स्वतःच्या गावाचं नाव, चुडावा, आठवायला त्यांना बराच वेळ लागला. मी जरा घाबरलो. पाणी पाजलं, सावलीत बसवलं. बसल्यावर कळलं की सकाळपासून पोटात काही न्हाई. गुरुवार धरलाय म्हणे. मी रागावलो. खाली उतरायचं असलं की उपास करायचा न्हाई म्हणून ताकीद दिली.

कंदील बघितला होताच. शेवटपर्यंत जळत होता.

मध्येच एकदा वाटलं, ते पिवळं यंत्र काढावं डिकीतून. पण ते बोंबललं असतं तर काम थांबवावं लागलं असतं, आणि दत्तराव दुसरी जोडी बघायला बसलाच हाय.

२ एप्रिल, मंगळवार

दाजी गेले.

आज हात चालायलाय म्हणून लिहितो. मागच्या बुधवारची गोष्ट. धुळवड झाल्यावर वसाहतीतला मोठा पाइप तुंबला आणि घाण उलटी घराघरात चढली. लोकांनी दत्तरावाला फोन करून करून बेजार केलं. दत्तराव मला म्हणाला, बन्सी, आजच्या आज मोकळं झालं पाहिजे. वसाहतीच्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला एक चेंबर हाय, तिथं आमी कधी उतरलो नव्हतो. झाकण सरकवलं. कंदील सोडला. चांगला जळत होता, वात सुद्धा थरथरली न्हाई. मी म्हटलं, उतरा दाजी बिनघोर.

उतरले. सळईनं पाइपाच्या तोंडातला बोळा ढोसायला लागले. बोळा सुटला, पाणी धावल्याचा आवाज आला. मग काहीच न्हाई. मी हाक मारली. वाकून बघितलं तर दाजी खाली बसल्यासारखे दिसले, मान छातीवर पडलेली. कंदील त्यांच्या डोक्यावर तसाच जळत होता.

दोर ओढला. होता नव्हता तेवढा जोर लावला. दाजी वर आले आणि चेंबरच्या अरुंद गळ्यात त्यांचे खांदे अडकले. तिपाई असती तर सरळ वर आले असते. मी कडेला वाकून ओढत होतो, ते तिरपे होऊन अडकत होते. ढिला सोडला की खाली जायचे, ओढला की अडकायचे.

आतल्या पायऱ्या माझ्या समोर होत्या. मी एक पाय आत टाकला सुद्धा. आणि काढून घेतला. मॅडमचं बोलणं आठवलं म्हणून काढला, का त्या भोकाकडं बघून माझं अवसान गळालं, देवाशप्पथ मला सांगता येत न्हाई. बोंबललो. माणसं जमली. वसाहतीचा रखवालदार उतरायला लागला तर त्याची कॉलर धरून मागं ओढला. अग्निशमनची माणसं आली, तोंडाला हवेची नळी लावून उतरली आणि दाजींना काढलं. दवाखान्यात डॉक्टरनं बघितलं आणि कागद करायला घेतला.

राजेश्रीला फोन कमलनं केला. माझ्यानं झाला न्हाई.

८ एप्रिल, सोमवार

चुडाव्याला तेरवी झाली. मी कोपऱ्यात बसलो होतो. माझ्याशेजारी कुणी बसलं न्हाई. दाजींच्या आई केवळाबाई भिंतीला टेकून होत्या, डोळ्यात पाणी सुद्धा उरलं न्हाई त्यांच्या. जेवणं चालू असताना एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, मेव्हणा असून वर उभा राहिला. कुणी त्याला गप केलं न्हाई.

जाताना राजेश्रीला भेटायला आत गेलो. कपाळ मोकळं. मी तिच्याकडं बघितलं न्हाई, जमिनीकडं बघत उभा राहिलो.

ती म्हणाली, "दोर तुझ्या हातात व्हता दादा. तुझ्या. म्हणून मी निवांत झोपायचे. आणि तू उतरला बी न्हाईस. भेकड हाईस तू."

बरोबर हाय तिचं. उतरायला पाहिजे होतं. कमल म्हणती, तुमी उतरला असतात तर दोन मढी निघाली असती. निघाली असती तर निघाली असती. निदान ह्या अंगणात मान वर करून आणलं असतं मला.

१६ एप्रिल, मंगळवार

दत्तराव घरी येऊन गेला. म्हणाला, कुणी विचारलं तर सांगायचं, कंदील सोडून बघितला होता, जळत होता, म्हणजे काळजी घेतली होती. ह्याच्या वर काही बोलायचं न्हाई. यंत्राचं नाव काढलं तर पंख्याचं निघेल, पंख्याचं निघालं तर गाडीचं निघेल. मी म्हटलं, खोटं कुठं हाय त्यात, कंदील जळतच होता.

जाता जाता सांगितलं की दाजींच्या जागेवर त्यांच्या धाकट्या भावाला घेतोय, बालाजीला. एक तारखेपासून. घरात कमावतं माणूस पाहिजे म्हणून राजेश्रीच म्हणाली म्हणे. बालाजीचा दोर त्याच्या बायकोचा भाऊ धरणार. बालाजीनं चुडाव्यात सगळ्यांना सांगितलंय, माझा मेव्हणा मर्द हाय, मी पडलो तर माझ्या मागं उडी टाकेल.

बरं वाटलं मला. कुणीतरी रीत पाळायलंय.

१९ एप्रिल, शुक्रवार

प्रियांका मॅडम आल्या होत्या. एकट्याच. दत्तरावानं त्यांना दारात उभं केलं न्हाई म्हणून माझा पत्ता शोधत आल्या. कमलनं चहा केला, त्यांनी घेतला न्हाई. आधी म्हणाल्या, काका, तुमी उतरला न्हाईत ते बरोबर केलंत. मी हात जोडले. म्हटलं, मॅडम, ते एक सोडून काहीही बोला.

मग त्यांनी विचारलं, यंत्र काय दाखवत होतं? मी म्हटलं, कंदील जळत होता. त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्या रडायलाच लागल्या आणि बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहितो.

"काका, विहिरीत हवा संपते म्हणून कंदील मालवतो. गटारात हवा असते आणि तिच्यात विष असतं. कंदिलाला विष बाधत नाही. माणसाला बाधतं. आधी अंड्यांचा वास येतो, मग विष वाढलं की नाकच मरतं, वास येईनासा होतो. डोळे लाल होतात, उलटी होते, माणूस बरळतो. असं काही होत होतं का त्यांना?"

मी न्हाई म्हटलं.

मॅडम गेल्यावर ह्या डायरीची मागची पानं उलटून बघितली. सगळं माझ्याच हातानं लिहिलंय. वास गेला म्हणून मी खूश झालो. काकडी. समोसेवाला. गुरुवारचा उपास. एक एक पायरी उतरत माणूस माझ्या डोळ्यासमोर मरत होता आणि मी त्याला उपासावरून रागावत होतो. मी पाय मागं घेतला तो दाजी पडल्यावर. त्यांना मारून झालं होतं त्याच्या कितीतरी आधी.

तीन पिढ्या कंदिलावर जगलो म्हणत होतो. जगलो ते विहिरीत.

२२ एप्रिल, सोमवार

दोन दिवस हाच विचार केला. चुडाव्यातले लोक मला भेकड म्हणतात. भेकडाला माणसं पाच-दहा वर्षांनी माफ करतात, नातवंडांच्या लग्नात पंगतीला बसवतात. मी गप बसलो तर माझं एवढ्यावर भागतं. पण एक तारखेला बालाजी कंदील सोडणार, तो जळणार, आणि बालाजी उतरणार. तो पडला की त्याचा मर्द मेव्हणा उडी टाकणार. मला बरं वाटलं होतं त्याचं.

सकाळच्या गाडीनं चुडाव्याला गेलो. ओसरीवर बालाजी आणि त्याचा मेव्हणा नव्या दोराला गाठी मारून बघत होते. केवळाबाई जवळच होत्या. राजेश्री मला बघून आत गेली, पण दाराआड थांबली. तिची सावली उंबऱ्यावर दिसत होती.

मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो. कंदिलाचं, विषाचं, नाकाचं. बालाजीनं ऐकून घेतलं. मग गाठ घट्ट करत म्हणाला, "म्हंजे तुमी उतरला न्हाईत ते बराबर, असंच सांगायला आलाव ना भाऊ?"

मला वाटलंच होतं तो असं म्हणेल. मी पिशवीतून पिवळं यंत्र काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. म्हटलं, न्हाई. उतरायचं सोड. हे यंत्र मला दिलं होतं. पहिल्याच दिवशी हे ओरडलं. मी बंद करून डिकीत टाकलं, कारण ह्याचं ऐकलं असतं तर काम थांबलं असतं. पुढं तुझ्या भावाचे डोळे लाल झाले, उलट्या झाल्या, गावाचं नाव आठवंना, तरी मी काढलं न्हाई. त्या दिवशी उतरा बिनघोर, असं मीच म्हटलं. तुझा भाऊ मी वर उभा राहिलो म्हणून न्हाई मेला. मी त्याला खाली पाठवला म्हणून मेला. तू जाऊ नको. तुझ्या मेव्हण्यालाही सांगतो, तू जाऊ देऊ नको. पोलिसात सांगायचं तर चला, मी आत्ता येतो.

बालाजीचा मेव्हणा दोर सोडून उठून उभा राहिला. बालाजी त्या यंत्राकडं बघत होता. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

राजेश्री बाहेर आली. माझ्याजवळ येऊन, लहानपणी बोलायची तशा हळू आवाजात बोलली.

"तू भेकड व्हतास तवर माझा भाऊ तरी व्हतास."

एवढंच बोलली आणि आत गेली. दार लावून घेतलं.

बालाजी म्हणाला, मी जात न्हाई कामाला. उद्या पोलिसात जायचं ठरलं, तो सोबत येतो म्हणाला. केवळाबाईनं पाण्याचा तांब्या दिला. मी उभ्यानंच प्यालो आणि दुपारच्या गाडीनं परत आलो.